पुराव्याची केटली

ती केटली मी तीन आठवडे कुणालाही धुऊ दिली नाही. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, डाळींच्या डब्यांशेजारी ती ठेवली होती आणि तिच्यावर कागद चिकटवला होता : 'पुरावा. हात लावू नये.' अक्षर माझं, लाल मार्कर बाबांचा. त्या तीन आठवड्यांत आई रोज सकाळी गॅसवर पातेलं ठेवून बाबांसाठी पाणी उकळत होती आणि त्या फळीकडे बघत नव्हती. तिचं हे न बघणं मला तेव्हा दिसलं नाही. मी रागावलेली होते, आणि रागात असताना आपल्याला सगळं अगदी स्वच्छ दिसतंय असं वाटत असतं.

मी पत्रकांवर वाढले. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात होते आणि युनियनचा सगळा मजकूर तेच लिहायचे. पहिल्या पाळीच्या वेळी गेटवर उभं राहून वाटायचे आणि उरलेला गठ्ठा घरी आणायचे. त्या गठ्ठ्यातून माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं चढायची, छापील बाजू आत. इतिहासाच्या तासाला कंटाळा आला की कव्हराची कड उचलून मी कामगारांच्या मागण्या वाचायचे. गणितं पाठकोऱ्या बाजूला सोडवायचे. नववीत मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं, शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी नाही म्हणून. मधल्या सुट्टीत वाटलं. मुख्याध्यापकांनी बोलावून दम दिला आणि आठवड्यात कड्या लागल्या. त्या कड्यांनी माझं जे नुकसान केलं ते दुसऱ्या कशानेच केलं नसेल. लिहायचं, वाटायचं, की जग हलतं, असा माझा पक्का समज झाला.

या सगळ्यात आईचं काम घड्या घालायचं. पत्रक छापून आलं की ती जेवणाचं ताट बाजूला सारून, फरशीवर बसून, एकेक कागद दुमडायची. पहिली घडी तळहाताने, दुसरी चमच्याच्या पाठीने. तिच्या घड्या इतक्या सरळ असायच्या की बाबा म्हणायचे, "मजकूर माझा, पण शिस्त हिची." ती काही म्हणायची नाही. ती ते कागद वाचते की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आम्ही राहतो पाथर्डी फाट्याच्या पुढे, चार मजली बिल्डिंगमध्ये. आमच्याकडे पाणी दोन प्रकारचं. सकाळी तासभर धरणाचं, उरलेला दिवस बोअरचं. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाला पांढरी मिशी येते, बादल्या खरखरीत होतात, आणि साबणाला फेस येता येत नाही. गेल्या हिवाळ्यात बाबांना मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पाणी फार कमी पिता. दिवसभर पीत राहा." पाण्याच्या जातीबद्दल ते काही बोलले नव्हते. तरी मी घरी येऊन जाहीर केलं की आता बोअरचं पाणी बंद, जार सुरू.

जार आणायची ती एक बाई. गल्लीच्या तोंडाशी निळ्या पत्र्याची शेड, आत पाणी शुद्ध करायचं मशीन आणि बाहेर तीनचाकी मालगाडी. गाडी ती स्वतः चालवायची. माहेर सायखेड्याचं, आधी काही वर्षं बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसायची. नवरा सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला, सकाळी जीपने जायचा तो संध्याकाळी यायचा. वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन ती जिना चढायची, कारण लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून सोसायटीने जारला लिफ्ट बंद केली होती. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला ताई म्हणायची, वयाने दुप्पट असूनही.

बाबांचा घसा घोषणांनी कायमचा बसलेला. दिवसभर ते कोमट पाण्याचे घोट घेतात. त्यासाठी घरात एक विजेची केटली आहे, जुन्या धाटणीची, जिच्या तळाशी तापणारी कॉइल उघडीच दिसते. मार्चमधल्या एका दुपारी बाबांच्या कपात मला पांढरे कण तरंगताना दिसले. मी केटलीचं झाकण उघडलं. कॉइलवर चुन्यासारखा थर बसला होता, जाड, खडबडीत, कडेला पिवळट. कॉइल मूळची कुठल्या रंगाची होती हेही कळत नव्हतं. बोटाने खरवडलं तर नखात पांढरी पूड आली.

मला मुतखड्याच्या सोनोग्राफीतला तो पांढरा ठिपका आठवला. झालं. बाकीचं माझ्या डोक्यात आपोआप जुळत गेलं. आपण जारचं पाणी विकत घेतो. केटलीत हा थर. म्हणजे जारमध्ये बोअरचंच पाणी. म्हणजे शेडमधलं ते मशीन नुसतं दाखवायला. म्हणजे माझ्या बापाच्या पोटात ती बाई दगड भरते आहे.

मी आईला हाक मारून केटली दाखवली. "बघ, काय पाजतात आपल्याला."

आईने आत बघितलं. "धुवायला झाली होती," ती म्हणाली. "दे, लिंबू लावून घासते."

"हात लावू नकोस. हा पुरावा आहे."

तिचा पुढे आलेला हात मागे गेला. आज मला तो हात पुन्हा पुन्हा आठवतो. तेव्हा मी कागद शोधत होते.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. मथळा होता, 'पाणी विकत घेताय, की दगड?' नाव कुणाचंही घातलं नव्हतं. त्याचा मला अभिमान होता. 'आपल्याच गल्लीच्या तोंडाशी' एवढंच लिहिलं. गल्लीच्या तोंडाशी दुसरं कोण होतं? शेवटी लिहिलं होतं की आपापल्या घरची भांडी उघडून बघा, थर दिसेल, आणि तो थर तुमच्या आईवडिलांच्या शरीरातही बसतो आहे. बाबांनी वाचलं आणि उभं राहून माझ्या पाठीवर थाप मारली. "कॉम्रेड," ते बसक्या आवाजात म्हणाले, "यात एक शब्द फालतू नाही." झेरॉक्सवाल्याने तीनशे प्रती काढून दिल्या. आईने त्या रात्रीच्या जेवणाआधीच दुमडून ठेवल्या, नेहमीसारख्या सरळ.

लोकांनी भांडी उघडून बघितली, आणि थर तर होताच. आमच्या भागात गिझरमध्ये, इस्त्रीत, कुकरच्या तळाला, कुठे नसतो तो थर? पण छापील कागद हातात धरून बघितलं की तोच थर गुन्ह्यासारखा दिसतो. आठवडाभरात आमच्या बिल्डिंगमध्ये जार येणं जवळजवळ थांबलं, मग शेजारच्या दोन बिल्डिंगांमध्ये. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की म्हणायचं, "बरं झालं लिहिलंस." मी म्हणायचे, "आपण जागं राहायला हवं." मला हे वाक्य आता लिहितानाही लाज वाटते.

मावशी आली ती तिसऱ्या आठवड्यात, एका संध्याकाळी. खांद्यावर भरलेला जार. तो दारात ठेवून तिने पदराने तोंड पुसलं आणि आईकडे बघून म्हणाली, "वहिनी, तुमची पोरगी लय हुशार हाय. पण तिनं एकदा माझ्याकडं यायचं ना. शेड काय चंद्रावर हाय का?"

मी पुढे झाले. मावशीने कमरेच्या पिशवीतून पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं मीटर काढलं, एका पेल्यात जारचं पाणी ओतलं, मीटर बुडवून आकडा मला दाखवला. मग दुसऱ्या पेल्यात आमच्या नळाचं. आकड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता.

"मीटर तुमचं, पाणी तुमचं, मग आकडाही तुमचाच असणार," मी म्हणाले.

हे उत्तर मला इतकं आवडलं होतं की ती गेल्यावर मी ते वहीत टिपून ठेवलं, पुढच्या पत्रकासाठी.

तिने मीटर पुसून परत पिशवीत ठेवलं. रागावली नाही. दमल्यासारखी दिसली. "बरं, माझं सगळंच खोटं. मग ती केटली धुवा. चांगली लख्ख करा. हा जार ठिवून जाते. पंधरा दिवस याच्याच पाण्यानं भरा. थर आला तर मी शेडला कुलूप लावते आन् माहेरी जाऊन कांदे निंदते. नाय आला तर..."

"नाही आला तर?"

"तर तुम्हीच ठरवा, ताई. लिहायचं काम तुमचं." आणि चपला घालता घालता ती आईला म्हणाली, "हप्ताभर गाडी उभीच हाय, वहिनी. नवरा म्हणतो, मशीन विकून टाक. कोण घेईल हो ते?"

मला ते आव्हान आवडलं. प्रयोग, निष्कर्ष, दुसरं पत्रक. मी पंधरा दिवसांची चौकट आखलेला कागद फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी केटली फळीवरून उतरवली, लाल अक्षरांचा कागद काढला आणि थराचे फोटो घेतले, वरून, बाजूने, नखाशेजारी जाडी दिसेल असे.

धुवायचं कसं हे मात्र मला माहीत नव्हतं. मी तारेची घासणी घेतली तशी आई म्हणाली, "घासून नाही जात ते. कॉइलला ओरखडे पडतील. हो बाजूला." तिने कपाटातून लिंबूसत्त्वाची पुडी काढली, ढोकळ्यासाठी आणलेली. केटलीत अर्ध्यावर पाणी, त्यात दोन चमचे सत्त्व, आणि बटण दाबलं. उकळी येताच आतून आवाज सुरू झाला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. बटण बंद करून तिने झाकण उघडं ठेवलं. आम्ही दोघी आत वाकून बघत होतो. थरातून बारीक बुडबुडे सुटत होते, मग कडा सुटायला लागल्या, आणि भिंतीचा पोपडा पडावा तसे तुकडे अलगद खाली पडले. आंबट वाफ नाकाला झोंबत होती.

"थांब अर्धा तास," आई म्हणाली. "घाई केली की अर्धवट निघतं."

अर्ध्या तासाने तिने ते गढूळ पाणी ओतून दिलं. गाळणीत पांढरे तुकडे अडकले. ते मी पुडीत बांधून घेतले, पुरावा. ज्या कोपऱ्यांत थर राहिला होता तिथे तिने कापलेलं लिंबू मीठ लावून फिरवलं, मग पुन्हा एकदा थोडं सत्त्व घालून उकळलं. कॉइल निघाली. करडी, गुळगुळीत, इतकी साधी वस्तू. आईने केटली तीनदा विसळली. आणि मी म्हणाले, "आता भर. पहिला दिवस सुरू."

जार दारापाशीच उभा होता, पोटभर भरलेला. आईने नळ सोडला. केटली त्याच्याखाली धरली, आतल्या रेघेपर्यंत पाणी आलं तसा नळ बंद केला, केटलीचा तळ पदराला टिपला, स्टँडवर ठेवली, बटण दाबलं. यातलं काहीही करताना तिने नजर खाली नेली नाही. तिचा हात हे सगळं रोज करत आला होता.

मी म्हणाले, "आई. जारचं भरायचं होतं."

तिने बटण बंद केलं. पाठ माझ्याकडेच होती.

"रोज नळाचंच भरतेस?"

"जारचं पाणी प्यायचं. हे वापरायचं. उकळतंच ना."

प्यायचं पाणी आणि वापरायचं पाणी. आमच्या घरात, आमच्या बिल्डिंगमध्ये, मला माहीत असलेल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ही विभागणी आहे. डाळ-भात, चहा, कणीक, जे जे चुलीवर चढतं त्याला वापरायचं पाणी. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. तिचा केटलीशी संबंध लावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, एवढंच. कारण मी ती केटली आयुष्यात एकदाही भरलेली नव्हती.

"केव्हापासून?"

"केटली आली तेव्हापासून."

"आणि पत्रक? ते वाचलं होतंस?"

"घड्या कोण घालतं?" आई वळली. "सगळी वाचते मी. तुझ्या बाबांचीही वाचायचे."

"मग बोलली का नाहीस? तीन आठवडे, आई!"

"काय बोलायचं होतं?" ती म्हणाली. "तू लिहिलंस की या पाण्याने आईबापाच्या पोटात दगड होतात. तीनशे कागदांवर लिहिलंस. मग मी काय सांगू, की ते पाणी मीच पाजत होते त्यांना? कपात ओतून, रोज?"

डॉक्टर काय म्हणाले होते ते मी तिला पुन्हा सांगितलं, की पाणी कमी पिण्यामुळे, दुसऱ्या कशामुळे नाही. ती म्हणाली, "हो, ते तूही ऐकलं होतंस." आणि पुढे, "एकदा विचारायचं होतंस गं. केटलीत पाणी कुठलं असतं, एवढंच. मी सांगितलं असतं."

मागच्याच वर्षी आठ मार्चला मी बायकांच्या घरातल्या न दिसणाऱ्या श्रमांवर पत्रक लिहिलं होतं. त्याच्याही घड्या हिनेच घातल्या होत्या.

तिने त्या सकाळी नळ सवयीने सोडला की मला दिसावं म्हणून सोडला, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कप हातात फिरवत बसले. त्यांच्यासमोर आई होती, म्हणून पाण्याबद्दल काहीच बोलले नाहीत. तो त्यांचा समजूतदारपणा मला तेव्हाही कळला. पण पत्रकाबद्दल ते बोलले. "मागे घ्यायचं नसतं," ते म्हणाले. "पस्तीस वर्षांत मी एकही पत्रक मागे घेतलेलं नाही. एकदा मागे घेतलंस की पुढच्या वेळी खरं लिहिलंस तरी लोक थांबून बघतील. सूर बदल. सगळ्याच पाण्याची तपासणी व्हायला हवी, असं लिही. त्यात हेही निघून जाईल."

"निघून जाईल म्हणजे?"

"लोक विसरतात."

"ती विसरेल?"

ते म्हणाले, "बरं, मग माफीचं लिही. सभ्य भाषेत." आणि सवयीने सांगायलाही लागले, "आमच्या याआधीच्या पत्रकातील मजकुराने कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास..."

"तिच्या भावना नाही दुखावल्या," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिची गिऱ्हाइकं गेली."

आमच्या घरात मजकुरावर आईने बोट ठेवण्याची ती पहिली वेळ. मी लिहायला बसले. आरोपाचं पत्रक एका बैठकीत झालं होतं. हे चार वेळा फाडलं. प्रत्येक खर्ड्यात मला एक आडोसा सापडायचा. 'गैरसमजातून', 'जनहिताच्या तळमळीने', 'अपुऱ्या माहितीच्या आधारे'. शब्द इतके तयार होते की मला भीती वाटली. शेवटी उरलं ते पाच ओळींचं : थर आमच्या नळाच्या पाण्याचा होता, जारच्या नव्हे. मी घरात विचारलं नाही. मी शेडमध्ये गेले नाही. मी लिहिलेलं खोटं होतं. खाली माझं नाव.

तो कागद घेऊन मी शेडमध्ये गेले. तिथे मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. मशीन बंद होतं. रिकामे जार भिंतीला एकावर एक लावलेले, आणि मावशी पायरीवर बसून मेथी निवडत होती, घरच्यासाठी. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, नळ, केटली, आई, सगळं. तिने मध्येच एकदा विचारलं, "वहिनी बऱ्या हायत ना?" आणि पुन्हा मेथीकडे बघितलं.

मी कागद पुढे केला. तिने हात पुसून घेतला, सावकाश वाचला, आणि परत दिला.

"चांगलं हाय. पण नको."

"म्हणजे? तीनशे छापते ना. त्याच घरांत वाटते."

"कागद नको ताई. मागच्या टायमाला कागद आला आन् लोक दारामागं बसून वाचत राहिले. मी बेल वाजवली तर कुणी कडी काढंना. आता पुन्हा कागद दिला तर पुन्हा आतच बसून वाचतील. म्हणतील, दोघींचं काहीतरी साटंलोटं झालं." तिने जुडीचा दोरा दाताने तोडला. "तुम्ही या माझ्यासंगं. गाडीवर. माझं पाणी घेऊन. आन् तोंडानं सांगा."

"प्रत्येक दारात?"

"प्रत्येक दारात तुम्ही कागद टाकला व्हता का नाय?"

टाकला होता. दाराखालून सरकवला होता. समोरच्याचा चेहरा बघायची गरजच पडली नव्हती. पत्रकाची ही सोय माझ्या आधी कधी लक्षात आली नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी मी गाडीत तिच्या शेजारी, जारांना पाठ लावून बसले. ती म्हणाली, "धरून बसा, वळणावर लय हालते." पहिल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एका काकूंनी दार उघडलं. मी म्हणाले, "काकू, मी ते पत्रक लिहिलं होतं. ते खोटं होतं. थर आमच्या नळाचा होता." त्यांनी माझ्याकडे, मग मावशीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "अगं बाई. मग ठेव जार." इतकं सोपं असेल असं वाटून मला आतून हसू फुटलं. पण वरच्या दारात एक गृहस्थ म्हणाले, "आता हिने तुला काही म्हटलंय का? धमकी वगैरे?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "तरी पण, आग असल्याशिवाय..." आणि दार लावून घेतलं. मावशी जिन्यावर उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्यासमोर ते म्हणाले, जणू ती तिथे नव्हतीच.

आमच्या बिल्डिंगपर्यंत येईतो दुपार झाली. जार मी उचलायचा हट्ट धरला. दुसऱ्या मजल्यापर्यंत खांदा बधिर झाला. तिसऱ्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. माझी पत्रकं ते फाइलला लावून ठेवतात आणि भेटलं की त्यातली वाक्यं मलाच म्हणून दाखवतात. त्यांनी दार उघडलं आणि कौतुकाने म्हणाले, "ये, ये. काय नवीन?"

मी जार खांद्यावरच ठेवून सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तू लिहिलंस ते खोटं होतं?"

"हो."

"सगळं?"

"थर खरा होता, सर. बाकी सगळं खोटं."

दाराच्या चौकटीला हात लावून ते म्हणाले, "आता काय उपयोग. आम्ही घरातच मशीन बसवून घेतलं. तुझं वाचूनच. जारची आता गरज नाही." मावशीकडे बघून जरा संकोचले, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं." आणि दार लावता लावता, मला बरं वाटावं म्हणून, अगदी मनापासून म्हणाले, "लिहिलं मात्र छान होतंस."

दार लागलं. जिन्यात मी, मावशी आणि भरलेला जार. मी वर्षानुवर्षं ज्या वाक्याची वाट बघत आले होते, ते माझ्या कानात होतं आणि ती बाई माझ्या शेजारी उभी होती. तिच्या एका दाराचं काम कायमचं गेलं होतं, आणि ते माझ्या चांगल्या लिहिण्यानेच गेलं होतं. मी वाईट लिहिलं असतं तर तिचं ते काम कदाचित टिकलं असतं.

"सॉरी, मावशी," मी म्हणाले. ती पुढच्या पायऱ्या चढायला लागली होती. लँडिंगवर थांबून तिने मागे बघितलं.

"दमलात का?"

"नाही."

"आता तरी खोटं नका बोलू, ताई."

"दमले," मी म्हणाले. "खूप दमले."

तिने मान हलवली. जार माझ्या खांद्यावरून उतरवून घेतला नाही. ती चौथ्या मजल्यावर गेली, पहिल्या दाराची बेल वाजवली, आणि दारासमोरची जागा मला मोकळी करून देत बाजूला भिंतीशी सरकून उभी राहिली.